मानेचा पहिला मणका आणि ‘हंगाम झाल्यावर बघू’



या पत्रकात आपण लागण, खोडवा, पाणीपाळी, माती परीक्षण आणि उसाचे बिल यांविषयी नेहमी वाचता. या अंकात आम्ही एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. दुखणे तसे विरळा. शंभर माणसांची मान दुखली तर त्या शंभरातल्या एकालाही बहुधा हे निघणार नाही. मग अशा विरळ्या रोगासाठी पत्रकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हे दुखणे ओळखू येत नाही म्हणूनच माणसाचे हातपाय घेऊन जाते. वेळेवर ओळखले तर त्यावर उपाय आहे. आणि तो उपाय परदेशात नव्हे, आपल्या मुंबईत घडवला गेला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर हा लेख वाचून निम्मा गाव एक्स-रे काढायला निघायचा. रात्री उशी वाकडी झाली, वैरणीचा भारा उचलताना चमक निघाली, दिवसभर ट्रॅक्टरवर बसून मान धरली, हे सगळे आपल्या रोजच्या व्यवहारातले. ते चार दिवसांत नाहीतर चार आठवड्यांत जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची थोडी झीज प्रत्येकाचीच होते, ती एक्स-रेत दिसते, म्हणून घाबरायचे कारण नाही. आम्ही सांगतो आहोत ते दुखणे निराळे आहे. डॉक्टर लोक त्याला पहिल्या व दुसऱ्या मणक्याचा सांधा सरकणे म्हणतात.

मानेची घडण

माणसाच्या मानेत सात मणके असतात. आपल्या बैलाच्या मानेतही सातच, आणि जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच. या सातांपैकी वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे घडलेले आहेत. सर्वांत वरचा मणका म्हणजे नुसते कडे आहे. त्यावर डोक्याची कवटी टेकते. ग्रीक पुराणात आकाश खांद्यावर पेलणारा ॲटलास नावाचा कोणी होता, त्याचे नाव या मणक्याला दिले आहे. आपल्याकडे नाव ठेवायचे असते तर शेषाचे ठेवले असते. त्याच्या खालच्या, म्हणजे दुसऱ्या मणक्याला ॲक्सिस म्हणतात. त्यातून दातासारखे एक टोक वर निघते आणि पहिल्या मणक्याच्या कड्यात पुढच्या बाजूला जाऊन बसते.

जाते डोळ्यापुढे आणा. खालच्या दगडात मधोमध मेख असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. तसेच हे. आपण मान डावी-उजवी फिरवतो त्यातले जवळजवळ निम्मे फिरणे या एका सांध्यात होते. आता जात्याची मेख जागेवरून हलली तर वरचा दगड डगमगतो. मानेत तसे होऊ नये म्हणून दाताच्या टोकामागून एक चिवट आडवा पट्टा बांधलेला असतो. त्याला अस्थिबंध म्हणतात. टोक त्या पट्ट्याने कड्याला धरून ठेवलेले असते.

आणि या टोकाच्या लगेच मागून, त्याच कड्यातून, मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारा सारा कारभार त्या एका दोरीतून चालतो. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या शिरा याच्या थोड्या खाली, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवर निघतात, म्हणजे श्वासाचा हुकूमही इथूनच खाली जातो.

कड्यातल्या जागेचा एक ढोबळ हिशोब डॉक्टरांनी मांडलेला आहे. एक तृतीयांश जागा दाताच्या टोकाची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. ही मोकळी जागा म्हणजे निसर्गाने ठेवलेली सवलतच म्हणा. पण आमच्या मते घात तिथेच होतो. पट्टा सैल झाला, सांधा सरकू लागला, तरी आधी मोकळी जागा खर्च होते. तोवर माणसाला फारसे काही कळत नाही. थोडी मान दुखते, डोक्याच्या मागे जडपणा येतो, इतकेच. मोकळी जागा संपली की मग मज्जारज्जू दाबला जातो, आणि दाब वर्षानुवर्षे राहिला तर त्यातला भाग कायमचा निकामी होतो. विहिरीचे पाणी रोज बोटभर खाली जावे आणि मोटार हवा ओढू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ नये, तसा हा प्रकार.

सांधा सरकतो कशाने

बऱ्याच रुग्णांत हा दोष जन्मजात असतो. पहिला मणका कवटीलाच चिकटलेला असतो, किंवा दाताचे टोक बुडाशी न जुळता सुटे राहिलेले असते, किंवा ते नेहमीपेक्षा वर, कवटीच्या भोकात शिरलेले असते. अशा काही माणसांची मान आखूड दिसते आणि मागचे केस फार खालपर्यंत उगवलेले असतात. घरात ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून ते सोडून देतात. आपल्या देशात मानेच्या वरच्या टोकाचे हे जन्मजात दोष पुष्कळ पाहायला मिळतात, त्यामुळे इथल्या सर्जनांचा त्यावर हातही चांगला बसलेला आहे.

दुसरे कारण अपघात. ट्रॉलीवरून पडणे, उसाने भरलेल्या गाडीवरून खाली येणे, झाडावरून किंवा विहिरीत पडणे. तिसरे, हातापायांची बोटे वाकडी करणारा जुना संधिवात. तो जसा बोटांचे सांधे खातो तसा हा पट्टाही सैल करतो. चौथे क्षयरोग. क्षय फुप्फुसाचाच असतो असे नाही. मणक्याचाही होतो, आणि क्वचित या वरच्या सांध्याचाही होतो. त्यात मान एका बाजूला धरून राहते, रात्री दुखते, बारीक ताप येतो, वजन घटते आणि कधी घास गिळायला त्रास होतो. या प्रकारात पुष्कळदा ऑपरेशन लागत नाही. क्षयाची औषधे आणि मानेला आधार एवढ्यावर काम भागते. मात्र औषधे डॉक्टर सांगतील तितके महिने, वर्षभर म्हणाले तर वर्षभर, घ्यावी लागतात. ती सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा हा सांधा जन्मतःच ढिला असू शकतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याला कोलांट्या, कुस्ती, उंचावरून उड्या असे काही करू देण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारावे. मूल चालता चालता अडखळू लागले किंवा पूर्वी धरत होते ती वही धरेनासे झाले तर मुळीच थांबू नये.

डोक्यावर मोळी वाहिल्याने हे होते का, असे तोड टोळीतल्या बायांनी आरोग्य शिबिरात आम्हांला विचारले होते. धड सांधा ओझ्याने असा सरकत नाही. ओझ्याने झीज होते, दुखणे वाढते, ते वेगळे. पण सांधा मुळात ढिला असेल तर डोक्यावरचे ओझे आणि मानेला बसणारे हिसके नक्कीच बाधतात. म्हणून ज्यांचे निदान झाले आहे त्यांनी डोक्यावर घागरसुद्धा घेऊ नये.

कोणत्या खुणा ओळखाव्यात

हा भाग आपण घरात मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

नुसती मान दुखणे ही खूण नव्हे. मानेच्या दुखण्याबरोबर, किंवा मान न दुखताही, हातापायांचे काम बिघडू लागले तर ती खूण. सदऱ्याची गुंडी लागत नाही. भाकरी थापताना हात अडखळतो. पैसे मोजताना नोटा सुटतात. पायातली चप्पल चालता चालता निघून जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. अंधारात बांधावरून चालताना तोल जातो. पाय लाकडासारखे ताठ वाटतात. मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत विजेचा झटका आल्यासारखे होते. लघवीला वेळ लागतो किंवा घाई होते. काहींच्या हाताला चटका बसलेला कळत नाही. गुऱ्हाळावर काहिलीशी काम करणाऱ्याच्या हातावर भाजल्याच्या खुणा दिसाव्यात आणि त्याने ‘कधी भाजलं ते ध्यानातच न्हाई’ म्हणावे, तर त्याला तपासणीस न्यावे.

एक साधी परीक्षा डॉक्टर करतात. दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण उघडता-मिटता येईल तितकी करायला सांगतात. धडधाकट माणूस वीसच्या पुढे जातो. ज्याचा मज्जारज्जू दाबला गेला आहे त्याची बोटे चिकटल्यासारखी हळू उघडतात आणि आकडा बराच खाली राहतो. यावरून घरच्या घरी निदान करू नये. म्हाताऱ्या माणसाचा, सांधे धरलेल्याचा आकडा असाही कमी येतो. पण आकडा फारच कमी असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

एका सभासदाची हकिकत

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाची हकिकत त्यांच्या संमतीने, नाव-गाव न घालता देतो. वय त्या वेळी बेचाळीस. तीन एकर ऊस, दोन म्हशी.

सन २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पीक कर्जाच्या कागदावरची सही जुळेना. बँकेच्या शाखेत साहेबांनी तीनदा सही करून घेतली, तिन्ही तीन तऱ्हांच्या. शेवटी अंगठा घेतला. दहावी शिकलेल्या माणसाला अंगठा द्यायची लाज वाटली, म्हणून त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. पुढे पावसाळ्यात पाणी पाजताना चप्पल चिखलात राहू लागली. रात्री मोटार चालू करायला गेले की बांधावरून दोनदा पडले. गावात कुजबुज सुरू झाली की हे आता ‘घ्यायला’ लागले. गृहस्थ माळकरी, पंधरा वर्षे वारी चुकवलेली नाही. या बोलण्याने ते घराबाहेर पडेनासे झाले. दुखण्यापेक्षा या गोष्टीचा आपल्याला जास्त त्रास झाला असे ते आजही सांगतात.

दवाखाने झाले. एका ठिकाणी मानेला पट्टा आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली. तीही अगदी चुकीची म्हणता येत नाहीत, कारण बी-१२ कमी झाले तरी अशीच लक्षणे दिसतात. एम.आर.आय. झाला, त्यात ‘थोडी झीज’ निघाली. मग कोणीतरी हाडवैद्याकडे नेले. त्याने मान चोळून एकदम पिळली, तेव्हा कडकन आवाज झाला आणि दोन तास पायांत जीव नव्हता. सुदैवाने जीव परत आला.

त्या वर्षीच्या गळिताच्या सुरुवातीला आरोग्य शिबिरात एका फिजिशियन डॉक्टरांनी त्यांना पाहिले. मानेला हात लावण्याआधी त्यांनी चप्पल काढून सरळ रेघेत चालायला लावले. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तर पाय जोरात उडाला. मधल्या बोटाचे नख खाली दाबून सोडले तर अंगठा आपोआप आत वळला. डॉक्टर म्हणाले, हे नुसत्या मानेचे दुखणे नव्हे, वर कुठेतरी मज्जारज्जू दाबला जातोय. त्यांनी मानेचे बाजूने तीन एक्स-रे सांगितले. एक सरळ मानेचा, एक पुढे वाकवून, एक मागे करून. पुढे वाकवलेल्या फिल्ममध्ये पहिल्या मणक्याचे कडे आणि दाताचे टोक यांच्यातली फट स्पष्ट उघडली होती. मोठ्या माणसात ही फट तीन मिलिमीटरपर्यंत चालते, मुलांत पाचपर्यंत. यांची त्याहून पुष्कळ जास्त निघाली.

मग आधीच्या एम.आर.आय. मध्ये ते का दिसले नाही? कारण तो उताणे झोपवून काढतात. झोपल्यावर सांधा जागेवर जातो, उठून मान वाकवली की सरकतो. चोर घरात असताना दिवा लावावा लागतो तो हा असा. यात कोणाचा दोष काढण्यापेक्षा प्रत्येक तपासणीचे काम वेगळे असते हे ध्यानात घ्यावे. वाकवून काढलेला एक्स-रे हालचाल दाखवतो. एम.आर.आय. मज्जारज्जू किती दाबला आहे ते दाखवतो. सी.टी. स्कॅन हाडाची घडण आणि त्याजवळून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची वाट दाखवतो. तज्ज्ञ सर्जनला तिन्ही लागतात. मात्र वाकवून एक्स-रे काढताना मान रुग्णाने स्वतः, जमेल तितकीच वाकवायची असते. दुसऱ्याने दाबून वाकवायची नसते, आणि डॉक्टर सांगतील तरच तो काढायचा.

निदान झाले, मुंबईला जायचे ठरले, आणि आमचे सभासद म्हणाले, “ऊस जाऊ द्या की. तोडीची चिठ्ठी आली म्हंजे मीच नगं का फडात? हंगाम झाल्यावर बघू.”

शेतकी खात्यातल्या आमच्या माणसांनी त्यांना समजावले. मेहुण्याने फड सांभाळायचे कबूल केले, शेजाऱ्याने म्हशी नेल्या. डिसेंबरात मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात त्यांचे ऑपरेशन झाले. ऊस जानेवारीत गेला, त्यांच्यावाचून गेला.

उपाय काय व तो कुठून आला

सरकणारा सांधा औषधाने बसत नाही. मानेचा पट्टा हा तात्पुरता आधार आहे, इलाज नव्हे. दोन मणके एकमेकांशी पक्के जखडून टाकणे आणि मज्जारज्जूवरचा दाब काढणे, हाच उपाय.

पूर्वी हे तारेने करीत. कॅनडातील गॅली या सर्जनांनी १९३९ साली दोन मणक्यांमागे हाडाचा तुकडा ठेवून तारेने बांधण्याची रीत लिहिली. ती पुष्कळ वर्षे चालली. पण तार ती तार. फिरण्याचा जोर तिला पुरता रोखता येत नसे, म्हणून रुग्णाला महिनोन्‌महिने डोक्यापासून छातीपर्यंत जखडून ठेवावे लागे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व त्यांचे सहकारी डॉ. लहेरी यांनी वेगळी वाट काढली. दोन्ही मणक्यांच्या बाजूंना जो जाड, भक्कम भाग असतो त्यात स्क्रू बसवायचे आणि ते पट्टीने एकमेकांना जोडायचे. म्हणजे सांधा मागून बांधण्याऐवजी जिथे तो फिरतो तिथेच पकडायचा. ही पद्धत त्यांनी १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये जर्मनीतील डॉ. हार्म्स व डॉ. मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडी व फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून तिचे दुसरे रूप मांडले. आज जगभरचे सर्जन या रीतीला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. परळच्या म्युनिसिपल इस्पितळात, जिथे आपल्याकडचा माणूस केस पेपर काढून रांगेत बसतो, तिथली रीत अमेरिका-जपानात शिकवली जाते, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. आम्हांला तिचा अभिमान वाटतो.

काम नाजूक आहे. ज्या हाडात स्क्रू घालायचा त्याला लागूनच मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी वळण घेते, आणि आत मज्जारज्जू. जन्मजात दोष असलेल्यांत रोहिणीची वाटही वाकडीतिकडी असू शकते. म्हणून हे ऑपरेशन कोणत्याही हाडाच्या डॉक्टरकडे करण्यासारखे नाही. ज्या विभागात मानेच्या या टोकाची ऑपरेशने नेहमी होतात तिथेच जावे. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत मज्जाशल्य विभाग असतात. मुंबईबाहेर वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बेंगळुरूचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स या ठिकाणीही अशी कामे होतात. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जवळचे कोणते ते ठरवावे.

तिथे गेल्यावर विचारायला लाजू नये. सांधा वाकवल्यावर सरकतो आणि सरळ केल्यावर जागेवर जातो, की सरकलेलाच राहतो? मज्जारज्जूवर दाब आहे का, त्याला इजा दिसते का? ऑपरेशन कधीपर्यंत केले पाहिजे? अशी ऑपरेशने आपल्याकडे किती होतात? काय परत येईल आणि काय येणार नाही? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आणि ऑपरेशन कशाचेही असो, अगदी हर्नियाचे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेचा हा दोष आहे हे आधी सांगितलेच पाहिजे. घशात नळी घालताना मान मागे वाकवतात, आणि हा सांधा सैल असेल तर त्यांना वेगळ्या रीतीने नळी घालावी लागते.

काय करू नये

केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची सवय आपल्यात पुष्कळांना आहे. नाभिक बंधूंचा त्यात वाईट हेतू नसतो, गिऱ्हाईकच मागते. पण ती सवय सर्वांनीच सोडावी असे आमचे मत आहे. धड मानेतही त्या हिसक्याने रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. सैल सांध्याच्या माणसाला तर त्याच खुर्चीत लुळेपणा येऊ शकतो. वर सांगितलेल्या खुणा दिसत असतील तर मालीश, हाडवैद्य, मान ओढून घेणे, शीर्षासन, सारे बंद. निदान होईपर्यंत तरी.

अपघाताच्या वेळी काय करावे हे चालक, मुकादम आणि टोळीतल्या लोकांना विशेषकरून सांगतो. गाडीवरून किंवा ट्रॉलीवरून माणूस पडला आणि मान दुखते म्हणतो, किंवा हातपाय हलवता येत नाहीत म्हणतो, तर त्याला काखेत हात घालून उठवून बसवू नये. डोके दोन्ही हातांनी धरून अंगाच्या सरळ रेषेत स्थिर ठेवावे. १०८ ला फोन करावा. हलवणे भागच पडले तर चार माणसांनी डोके, मान, पाठ एका फळीसारखी एकदम वळवून फळीवर घ्यावे. पाणी पाजण्याची घाई करू नये.

पैशाचे व कागदाचे

पैशाअभावी कोणी थांबू नये म्हणून एवढे लिहितो. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. तिच्या यादीत मणक्याच्या व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया आहेत. आपले नेमके ऑपरेशन त्यात बसते का, आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी पक्के करावे. ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते. पैसे भरून टाकले आणि नंतर योजनेतून परत मिळतील असे धरून चालू नये. रेशनकार्ड आणि आधार दोन्हींवर नाव एकसारखे आहे की नाही, ते गावातच बघून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने लोकांना मुंबईहून परत यावे लागते.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवकाला, ज्याला मेडिकल सोशल वर्कर म्हणतात, पहिल्याच दिवशी भेटावे.

जुने कागद टाकू नयेत. एक्स-रे फिल्म, एम.आर.आय. ची सीडी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळे तारखेप्रमाणे एका पिशवीत लावावे. एका कागदावर कोणता त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला ते लिहावे. आमच्या सभासदांच्या बाबतीत बँकेतल्या त्या तीन सह्यांची तारीख डॉक्टरांना फार उपयोगी पडली. हात केव्हापासून बिघडला हे तीवरून नेमके कळले.

ऑपरेशननंतर

ऑपरेशन झाले म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी फडात गेला असे नाही. पहिला हेतू रोग पुढे जाऊ न देणे हा असतो. जे गेले त्यातले किती परत येईल ते मज्जारज्जू किती काळ दाबला गेला होता यावर असते, आणि येते तेही महिन्यांनी, व्यायामाच्या जोरावर. काही आठवडे, पुष्कळदा दोन-तीन महिने, मानेला पट्टा राहतो. जखडलेल्या सांध्यातले फिरणे कायमचे जाते. म्हणून मागे बघायचे तर खांद्यासकट वळावे लागते. ठरलेल्या तारखांना एक्स-रे काढून हाड जुळले की नाही ते बघावे लागते, आणि बरे वाटतेय म्हणून या तारखा चुकवायच्या नसतात.

आमचे ते सभासद आज शेती करतात. उजव्या हाताची दोन बोटे अजून बधिर आहेत. डोक्यावर काही घेत नाहीत. ट्रॅक्टर मागे घ्यायचा असला की मुलाला बसवतात. २०२३ च्या आषाढीला डॉक्टरांनी पायी जायला परवानगी दिली नाही, ते एस.टी. ने गेले. ऑगस्टात बँकेच्या शाखेत नव्याने नमुना सही दिली. ती जुन्या सहीसारखी नाही, पण दर वेळी तीच येते, आणि साहेबांनी तेवढ्यावर खाते चालू केले आहे.